सात वर्षांचा घोडा जिंकत नसतो

नागपूरच्या लकडगंजात भविष्य सांगणाऱ्याला गिऱ्हाईक मिळत नाही. इथे चलती आहे ती भूतकाळ सांगणाऱ्यांची. सेंट्रल अॅव्हेन्यूवरून आत वळावं, आरा मशीनची करकर आणि चिरलेल्या लाकडाचा वास सुरू झाला की पहिल्या चहाच्या टपरीवर थांबावं. पाडव्यानंतर सागाचा भाव का उतरत नाही, जामठ्याच्या मैदानावर नाणेफेक जिंकणाऱ्याचं शेवटी काय होतं, कोणत्या वॉर्डात तोच माणूस लागोपाठ दोनदा निवडून येत नाही, हे सगळं एका हाफ चहात कळतं. ‘मग पुढे काय होणार?’ असं विचारलंत, तर समोरचा तुमच्याकडे दयेनं पाहतो. ‘आजवर जे होत आलं तेच होईन न भाऊ!’

काकाजी या परंपरेतले थोर पुरुष. उभी हयात एका आरा मशीनवर मुनिमी केली. मुनिमी सुटली, पण लाल कापडी पुठ्ठ्याची वही सुटली नाही. फरक एवढाच, की पूर्वी तिच्यात घनफूट असायचे, आता घोडे असतात. याला कारण त्यांचा भाचा. तो लिव्हरपूलच्या एका दवाखान्यात डॉक्टर आहे. एप्रिल आला की त्याच्या वॉर्डातले सर्जन, नर्सा, झाडूवाले सगळे मिळून एका डब्यात घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकतात. ज्याला जी चिठ्ठी येईल तो त्याचा घोडा. ज्याचा घोडा जिंकेल त्याचा डबा. भाच्यानं ही गंमत फोनवर सांगितली तेव्हा काकाजी सुन्न झाले. पैशांचं त्यांना काही वाटलं नाही. ‘चिठ्ठी काढून? अभ्यास न करता? डॉक्टर माणसं असून?’

तेव्हापासून ग्रँड नॅशनलचा अभ्यास लकडगंजात होतो.

ज्यांना ही शर्यत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. लिव्हरपूलजवळच्या एनट्रीच्या मैदानावर दरवर्षी एप्रिलमधल्या एका शनिवारी ती होते. सुमारे ६.९ किलोमीटर अंतर आणि वाटेत ३० उड्या. आपल्याकडे महालक्ष्मीला किंवा पुण्याला घोडे सपाट हिरवळीवर धावतात. मानाच्या शर्यतींमध्ये पुण्याची सेंट लेजर लांब पल्ल्याची मानतात, ती २,८०० मीटरची. एनट्रीला त्याच्या जवळजवळ अडीचपट पळायचं आणि वर माणसाच्या छातीएवढी कुंपणं ओलांडायची. या प्रकाराचं मूळ आयर्लंडात सांगतात. १७५२ साली दोन गृहस्थांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, मध्ये येईल ते कुंपण, नाला, बांध ओलांडत घोडे हाणले. शिखर दिसतंय ना, मग सरळ त्याच्याकडे निघायचं. आपल्याकडे ही कल्पना टेकडीच्या गणपतीपासून तेलंगखेडीच्या हनुमानापर्यंत राबवली असती, तर पहिल्याच नाल्यात महापालिकेवर मोर्चा निघाला असता.

शर्यत तिथे दुपारी चारला सुटते, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठला. एप्रिलातली नागपूरची रात्र. आरा मशीन बंद, कूलर चालू, टपरीवर मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. पण खरी शर्यत त्याआधी आठ दिवस चालते, काकाजींच्या वहीत.

पद्धत सोपी आहे. इंग्रजी वर्तमानपत्रंही हेच करतात. गेल्या दहा-वीस वर्षांतले विजेते घ्यायचे, त्यांच्यात काय सारखं होतं ते शोधायचं आणि यंदाच्या घोड्यांपैकी ज्याच्यात ते नाही त्याला काट मारायची. पूर्वी ४० घोडे धावत, २०२४ पासून जास्तीत जास्त ३४. काकाजी या कपातीवर खूश आहेत. सहा जणांना काट मारायचं काम सरकारनंच केलं, असं ते म्हणतात. तिथे सरकारचा काही संबंध नाही, पण लकडगंजात कोणतीही कपात सरकारच करतं.

पहिली काट वयाची. १९४० साली बॉग्स्कर नावाचा सात वर्षांचा घोडा जिंकला. त्यानंतर सात वर्षांचा एकही घोडा जिंकेना. महायुद्ध संपलं, भारत स्वतंत्र झाला, नागपूरची राजधानी गेली आणि उपराजधानी आली, तरी सात वर्षांचा घोडा काही जिंकला नाही. कारणही पटण्यासारखं होतं. तरुण घोड्याच्या पायात वेग असतो, पण तीस उड्या निभावायला जरा जुनं हाड लागतं. काकाजींनी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलं : सात वर्षांचा घोडा जिंकत नसतो.

२०२२ साली नोबल यीट्स जिंकला. वय वर्षे सात, भाव पन्नासाला एक. पाठीवर सॅम वेली-कोहेन, म्हणजे पगारी जॉकीसुद्धा नव्हे, हौशी घोडेस्वार, आणि ही त्याची शेवटची शर्यत. ८२ वर्षं टिकलेला नियम नऊ-दहा मिनिटांत मोडला. दुसरा कोणी असता तर वही बंबात घातली असती. काकाजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘त्याची गोष्ट अलग आहे. त्या पोऱ्याची शेवटची सवारी होती न.’ लाल अक्षरांखाली निळ्या शाईत भर पडली : हौशी स्वाराची शेवटची शर्यत असल्यास जिंकतो.

अभ्यासू माणसाचं हेच वैशिष्ट्य आहे. नियम मोडला की तो नियम सोडत नाही, त्याला पोटनियम जोडतो. आयकर कायदा असाच वाढला.

दुसरी काट वजनाची. या शर्यतीत सगळ्या घोड्यांना एकाच मापानं पळवत नाहीत. जो घोडा चांगला, त्याच्या पाठीवर जास्त वजन. जो कच्चा, त्याला कमी. हे ठरवायला एक अधिकारी असतो. त्याच्या मनासारखं झालं, तर सगळे घोडे एकाच वेळी पोचायला हवेत. १९८३ च्या कॉर्बिएरनंतर २००५ पर्यंत ११ स्टोनपेक्षा, म्हणजे साधारण ७० किलोपेक्षा जास्त वजन घेऊन कोणी जिंकलं नव्हतं. झाला नियम : जड घोडा बाद. मग २००५ ला हेजहंटर ११ स्टोन १ पौंड घेऊन जिंकला. पुढे तर रांगच लागली. २०१५ ला मेनी क्लाउड्सनं ११ स्टोन ९ पौंड वाहून नेले.

असं का झालं? कारण वजन ठरवणारा अधिकारीही वर्तमानपत्र वाचतो. जड घोडे जिंकत नाहीत, मालक आपले उत्तम घोडे पाठवायला कचरतात, हे त्यालाही दिसत होतं. त्यानं वरच्या घोड्यांवरचा भार थोडा हलका केला. म्हणजे ज्या ट्रेंडवर विसंबून आपण पैसे लावतो, तोच ट्रेंड पाहून कोणीतरी शर्यत दुरुस्त करत असतो. मी हे काकाजींना समजावलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे या अधिकाऱ्याचाही ट्रेंड काढा लागते.’

तिसरी काट रंगाची. १९६१ ला निकोलस सिल्व्हर हा करडा घोडा जिंकला आणि पुढे ५१ वर्षं एकही करडा घोडा जिंकला नाही. २०१२ ला नेपच्यून कोलाँज जिंकला, तोही नाकाच्या अंतरानं, फोटो पाहून. टपरीवरच्या एका पोरानं विचारलं, ‘काकाजी, घोड्याच्या रंगानं काय होते?’ काकाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्या पोरानं स्वतःचा शर्ट तपासला. ‘काही होत नाही. पण ५१ वर्षं झालं न!’

याला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते टपरीवर चालत नाही. उत्तर असं, की शर्यतीत एकच जिंकतो आणि बाकीचे सगळे हरतात. त्या ५१ वर्षांत करडे घोडे हरले हे खरं, पण तपकिरी घोडे त्याहून कितीतरी जास्त हरले, कारण धावणाऱ्यांत तेच जास्त होते. सात वर्षांचे हरले तसे नऊ वर्षांचेही दरसाल रांगेनं हरतात. काकाजींच्या वहीत विजेत्यांची पानं आहेत. ज्यांचं वय बरोबर, वजन बरोबर, रंग बरोबर आणि तरी जे चौथ्या कुंपणापाशी तोंडावर पडले, त्यांचं पान नाही. ते घालायचं म्हटलं तर वही नको, ट्रक लागेल.

काकाजींना सर्वांत जास्त दुखावलं ते मात्र २०१३ नं. त्याआधीच्या शर्यतीत दोन घोडे दगावले, टीका झाली आणि आयोजकांनी कुंपणं बदलली. तोवर त्या कुंपणांच्या आत लाकडाचा भक्कम गाभा असायचा. तो काढला आणि प्लॅस्टिकचा, लवचीक घातला. वरून हिरव्या फांद्या पूर्वीसारख्याच. ही बातमी लकडगंजात पोचली तेव्हाची शांतता मी विसरणार नाही. दिल्लीच्या नव्या संसद भवनाला २०२३ मध्ये सागवान कुठून गेलं? नागपूरहून. अशा गावाला कोणी सांगावं, की लाकूड काढून प्लॅस्टिक घातलं आणि बरं झालं! ‘इथंच ट्रेंड बिघडला,’ काकाजी म्हणाले. आणि या एका बाबतीत ते शंभर टक्के बरोबर होते. कुंपण बदललं, अंतर थोडं घटलं, पुढे घोडे कमी झाले. नाव तेच, शर्यत वेगळी. लाकडी काळातल्या ७० वर्षांचा अनुभव प्लॅस्टिकच्या कुंपणावर किती लागू करायचा, हा प्रश्न काकाजींनी अजून बाकी ठेवला आहे.

आता कोणी म्हणेल, की हे सगळं इंग्रजी वेड. तसं नाही. काकाजींचं शिक्षण शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, झालं. मूळ गाव भंडाऱ्याकडचं. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक, अशी त्यांची हिवाळी शाळा. तिथेही हेच : कोणती जोडी, कोणाची, गेल्या पटात किती सेकंद, धुरकरी कोण. तळेगाव दशासरच्या पटाचे आकडे तर त्यांना पाढ्यासारखे पाठ. आणि गंमत म्हणजे तिथे ते बऱ्याचदा बरोबर येत. कारण सरळ वाट, काही सेकंदांचा खेळ, घड्याळावर निकाल. मागच्या आठवड्यात जी जोडी सुसाट गेली ती या आठवड्यात एकदम बैलगाडीच्या चालीनं जात नाही. थोडक्या अंतरात इतिहासाला बोलायला वाव असतो.

मग ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. पट सुरू झाले. काकाजी जुनी वही काखेत मारून उत्साहानं गेले आणि तासाभरात परतले. वहीतले सगळे बैल म्हातारे झाले होते. ‘आकडे सही आहेत,’ ते म्हणाले, ‘बैल बदलले.’

खरं तर हा माणूस धंद्यात भूतकाळावर कवडीचा विश्वास ठेवत नसे. डेपोच्या लिलावात कोणी म्हणालं, ‘मागच्या खेपेचा माल सोन्यासारखा निघाला, डोळे मिटून घ्या,’ की मुनीमजी उत्तर देत, ‘मागची खेप मागं गेली, हा लठ्ठा दाखवा.’ मग ते लठ्ठ्याभोवती फिरायचे, दोन्ही तोंडं पाहायचे, ठोकून आवाज ऐकायचे. एवढं करूनही म्हणायचे, की आत पोकळ आहे का गाठ आहे हे आऱ्यावर चढल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही. असा माणूस साडेसात हजार किलोमीटरवरचा, कधी न पाहिलेला घोडा केवळ त्याच्या आधीच्या विजेत्यांच्या जन्मतारखांवरून निवडतो. लाकडाच्या बाबतीत पैसा मालकाचा होता, इथे बुद्धी स्वतःची आहे, एवढाच काय तो फरक.

आणि शर्यत कसली निवडली! अंतर जितकं लांब आणि उड्या जितक्या जास्त, तितकी योगायोगाला जागा जास्त. १९२८ ला ४२ घोडे सुटले आणि पोचले दोन. जिंकला टिपरेरी टिम, भाव शंभराला एक. त्याच्या स्वाराला निघताना मित्रानं सांगितलं होतं म्हणे, बाकीचे सगळे पडले तरच तू जिंकशील. मित्राचा अंदाज इतका तंतोतंत खरा ठरल्याचं शर्यतींच्या इतिहासात दुसरं उदाहरण नसेल. १९५६ ला राणीच्या आईसाहेबांचा डेव्हन लॉक सगळी कुंपणं ओलांडून पुढे होता, समोर फक्त मोकळी हिरवळ, आणि तिथे तो एकाएकी पोटावर बसला. का, ते कोणाला आजतागायत नक्की सांगता आलेलं नाही. त्याचा स्वार डिक फ्रान्सिस पुढे रहस्यकथा लिहून जगभर गाजला. साहजिक आहे.

१९६७ ची कथा काकाजींची आवडती. तेविसाव्या कुंपणापाशी, जे मैदानावरच्या सर्वांत बुटक्या कुंपणांपैकी एक, स्वार पडलेला एक मोकाट घोडा आडवा पळाला. त्याला पाहून दुसरा थबकला, दुसऱ्यावर तिसरा, आणि पाहता पाहता सीताबर्डीच्या दिवाळीसारखी कोंडी झाली. फॉयनॅव्हन नावाचा घोडा इतका मागे होता, की ती कोंडी त्याच्या स्वाराला लांबूनच दिसली. त्यानं कडेनं फट शोधली, घोडा पलीकडे नेला आणि जिंकला. भाव शंभराला एक. घोड्याचा मालक मैदानावर नव्हता, ट्रेनरही दुसऱ्याच गावी स्वतः घोडा पळवत होता. आज ते कुंपण फॉयनॅव्हनच्या नावानं ओळखलं जातं. या कथेतून सामान्य माणूस शिकेल, की कधी कधी मागे राहणंही फायद्याचं असतं. काकाजींनी वहीत नवा रकाना आखला : मालक गैरहजर. तेव्हापासून भाच्याला दर एप्रिलमध्ये फोन जातो, की कोणकोणते मालक यंदा येणार नाहीत ते विचारून सांग. भाचा हृदयरोगतज्ज्ञ आहे.

पैसे मात्र लकडगंजात कोणी लावत नाही. जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे आणि पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. पैज असते एक प्लेट तर्री-पोह्याची. तरीही काकाजींना कोणी जुगारी म्हटलं तर ते न्यायालयाचा दाखला देतात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूच्या प्रकरणात म्हटलं, की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, नुसत्या नशिबाचा नव्हे. ‘ऐका! अभ्यासाले सुप्रीम कोर्टाची मान्यता आहे.’ त्यावर तो मघाचा पोरगा म्हणाला, ‘पण काकाजी, जीएसटी तर कॅसिनोवालाच लागते.’ काकाजींनी त्याला तर्री संपवायला सांगितलं.

एवढ्या सगळ्या काटा मारून झाल्या, की शुक्रवारी रात्री वहीत एकच घोडा उरतो. शनिवारी सकाळी काकाजी टपरीवर त्याचं नाव जाहीर करतात. आणि मग एक गोष्ट घडते, जी माझ्या उशिरा लक्षात आली. नाव ऐकेपर्यंत कोणीच आपला घोडा सांगत नाही. जाहीर झालं, की उरलेल्यांतून जो तो भराभर निवडतो. चहावाल्याला मी हळूच कारण विचारलं. तो कप विसळता विसळता म्हणाला, ‘काकाजीचा घोडा कधी आला नाही न साहेब. एक तर पक्का कमी होते.’

हे काकाजींच्या कानावर गेलं. मला वाटलं, आता रुसतील. पण अभ्यासू माणूस पुराव्यापुढे कधी रुसत नाही. त्यांनी वही उघडली, मागची पानं चाळली, बोटावर हिशेब केला. खरंच होतं. वयाचा नियम मोडला, वजनाचा मोडला, रंगाचा मोडला. पण काकाजींचा घोडा न येण्याचा नियम एकदाही मोडलेला नव्हता. वहीतला सर्वांत भरवशाचा ट्रेंड हाच. त्यांनी शांतपणे शेवटचा रकाना आखला : आपण निवडलेला असल्यास बाद. आणि उरलेल्या एकुलत्या एका घोड्यावर काट मारली.

चौतीसच्या चौतीस बाद झाले.

टपरीवर कोणी बोलेना. ‘मग आता?’ पोरानं विचारलं.

‘आता शर्यतच रद्द व्हायले पायजे,’ काकाजी म्हणाले. ‘होते तसं. १९९३ ले सुरुवातीचा घोळ झाला, तीस स्वार इशारा न पाहता पळत सुटले, निकाल रद्द. २०२० ले कोरोना, शर्यतच नाही.’

‘आणि महायुद्धात? तेव्हाही पाच वर्षं झाली नव्हती,’ मी म्हटलं.

‘ते नका धरू. त्यानं ट्रेंड बिघडते.’ काकाजींनी बोटं मोडली, पुटपुटले, आणि वहीच्या नव्या पानावर लाल शाईनं लिहायला घेतलं. ‘१९९३ आन् २०२०. मधात सत्तावीस वर्षं. म्हणजे पुढची रद्द २०४७ ले. तवा मी सांगतो तुमाले. पोहे तयार ठेवा.’